आखूड कॉईल

“गेला फ्यूज!” हमीदभाईंनी हाळी दिली, आणि पाठोपाठ रांगेतून चार तोंडांनी एकच उत्तर आलं, “बाईची इस्त्री!”

मी नुकताच प्लग लावला होता. ब्लाऊजच्या बाहीवर पाणी शिंपडलं, इस्त्री टेकवली, आणि डोक्यावरचा पंखा गरगरत गरगरत थांबला. एप्रिलची दुपार, समोर एस.टी. स्टँडचा धुरळा, जीव नुसता उकडून निघत होता. तरी मी उठून दारात गेले आणि म्हणाले, “कुणाला काय म्हणायचंय ते इथं येऊन म्हणा. आत बसून काय कोकलता?”

कुणी आलं नाही. मी तोंडाची फटकळ, हे तोवर सगळ्यांना कळून चुकलं होतं.

बार्शीला एस.टी. स्टँडच्या मागं बळवंतराव काट्यांची सात गाळ्यांची रांग होती. खाली गाळे, वर मालकांचं घर. घराचा मीटर वेगळा. गाळ्यांना मात्र सगळ्यांत मिळून एकच लाईन, एकच फ्यूज, आणि लाईट भाड्यातच धरलेली. माझा गाळा अगदी टोकाला. दारावर पाटी होती, ‘इंदुमती पोरे, लेडीज टेलर’. पोरे हे माझं माहेरचं नाव. लग्न करून वैरागला गाडेकरांच्या घरी गेले होते. नवऱ्याचा हात पहिल्यांदा उठला तेव्हा मी रडले. दुसऱ्यांदा उठला तेव्हा बॅग भरली. भावाच्या घरात भावजयीच्या कपाळावरच्या आठ्या मोजत बसण्यापेक्षा आईची पायमशीन घेऊन बाहेर पडले आणि हा गाळा घेतला. रात्री मागच्या बाजूला पडदा लावून तिथंच झोपायचे. तो गाळा म्हणजे माझं दुकान, माझं घर आणि माझी अब्रू, सगळं एकात होतं. तो गेला असता तर मला वैरागला परत जाण्यावाचून वाट नव्हती.

मालक जिना उतरून खाली आले. पांढरा लेंगा, पांढरा सदरा, पानानं रंगलेलं तोंड.

“गाडेकरबाई,” त्यांनी सुरुवात केली.

“पोरे,” मी म्हणाले.

“बरं, पोरे. इस्त्री लावली होती का नव्हती?”

“लावली होती.”

“मग झालं तर. परवा इस्त्री लावली, फ्यूज गेला. त्याच्या आदल्या आठवड्यात लावली, फ्यूज गेला. तुम्ही यायच्या आधी इथं वर्ष वर्ष फ्यूज जात नव्हता. आता आणि काय सांगायला पाहिजे?”

खरं सांगायचं तर त्यांचं म्हणणं वरवर बघता बिनतोड होतं. इस्त्री बंद असली की फ्यूज जात नसे. इस्त्री लावली की दर वेळी नाही, पण चारातून एकदा तरी जायचाच. रांगेतली माणसं काही वाईट नव्हती. पण दर वेळी धंदा थांबायचा, हमीदभाईंचा डाग द्यायचा सोल्डर गार पडायचा, सलूनवाल्या शंकरच्या गिऱ्हाईकाला अर्ध्या दाढीनं घामाघूम बसावं लागायचं. कोण सोसून घेईल?

“मालक,” मी म्हणाले, “इस्त्रीवर सातशे पन्नास वॅट लिहिलंय. सव्वातीन अँपिअरच्या वर ती घेऊच शकत नाही. तुमच्या फ्यूजमध्ये दहा अँपिअरची तार आहे. तीनानं दहा कशी वितळेल?”

“हे मला सांगू नका. तुमचं वॅट न फॅट. महिनाअखेर गाळा खाली करा.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. “असा कसा खाली करीन? मोजा की आधी! हमीदभाईंकडे मीटर आहे. रविवारी सगळ्यांच्या समोर एकेक गाळा मोजू. माझ्या इस्त्रीचा दोष निघाला तर त्याच दिवशी किल्ली मी आपण होऊन तुमच्या हातात देते. महिनाअखेरीची वाट बघायची गरज नाही.”

“आणि नाही निघाला तर?”

“तर परत या जिन्यानं उतरून माझ्या इस्त्रीचं नाव घ्यायचं नाही.”

मालक हसले. त्यांना खात्रीच होती. “ठरलं,” म्हणाले. “सगळे साक्षी आहेत.”

ते गेल्यावर नागनाथअण्णा शेटे दारात येऊन उभे राहिले. अण्णांचं चहाचं हॉटेल माझ्या शेजारीच. साठीचा माणूस, कपाळावर विभूती, खांद्यावर कायम एक ओला फडका. रांगेत माझ्याशी सरळ बोलणारे दोघंच, अण्णा आणि हमीदभाई. अण्णांनी चहाचा कप पुढं केला.

“किल्लीचं कशाला बोललीस पोरी? शब्दात अडकलीस की.”

“मी शास्त्र शिकलेय अण्णा. दोन वर्षं कॉलेजात सायन्सला होते. लग्नापायी कॉलेज सुटलं, डोक्यात गेलेलं कुणी काढून घेतलं नाही.”

“ते खरं गं. पण शास्त्र निराळं न् मालक निराळा,” अण्णा म्हणाले आणि रिकामा कप घेऊन गेले. कपाबरोबर मी टेबलावर पैसे ठेवले होते तेही त्यांना न्यावे लागले, कारण मी फुकटचा चहा कुणाचा पीत नव्हते.

रविवारी सकाळी झाडून सगळे जमले. हमीदभाई तांबोळी रेडिओ दुरुस्त करायचे. त्यांच्याकडे काट्याचा मोठा मीटर होता, त्याला ते स्वतःच्या लेकरासारखे जपायचे. त्यांनी एका फळीवर प्लग, होल्डर आणि मीटर असं जोडून आणलं, म्हणजे ज्याची वस्तू लावायची तिच्यातून किती वीज जाते ते काट्यावर दिसेल. मी हातात माझा कापडावर आखायचा खडू घेतला आणि माझ्याच हिरव्या दाराची पाटी केली.

“आधी व्होल्ट,” मी म्हणाले.

“दोनशे दहा,” हमीदभाई म्हणाले. “आपल्याकडं दोनशे तीस कधी येतात ताई?”

दारावर २१० लिहिलं. “आता माझी इस्त्री लावा. सगळ्यांनी जवळ या, मागनं कुणी काही म्हणायला नको.”

काटा हलला आणि तीनवर थांबला. मी मोठ्यानं सांगत सांगत लिहिलं, “व्होल्ट भागिले अँपिअर. दोनशे दहा भागिले तीन, सत्तर. म्हणजे इस्त्रीची तार विजेला सत्तर ओहम अडवते. आणि व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे ती खाते किती. दोनशे दहा गुणिले तीन, सहाशे तीस वॅट. व्होल्ट कमी म्हणून सातशे पन्नाससुद्धा भरत नाहीत. झालं समाधान?”

“एकट्या इस्त्रीचं कोण म्हणतंय?” मालक म्हणाले. “बाकीच्यात तिची भर पडते त्याचं काय?”

“तेच मोजायचंय. चला पुढं.”

सलून, सायकलचं दुकान, चपलांचं दुकान, हमीदभाई, पानवाला. दिवे, पंखे, सोल्डर, सगळ्यांचं मिळून दोन अँपिअर भरले. मी बेरीज केली, माझे तीन धरून पाच. दहाच्या तारेला पाच म्हणजे काहीच नाही. मालकांच्या तोंडातलं पान चघळायचं थांबलं होतं. माझ्या जिवात जीव आला, आणि खोटं कशाला सांगू, थोडी मिजासही आली. “आता अण्णांची शेगडी,” मी म्हणाले. “एक राहिलीय, म्हणून मोजायची.”

अण्णांकडे विजेची शेगडी होती, मातीच्या चकतीत नागमोडी खाचा आणि खाचेत बसवलेली तारेची कॉईल. सकाळपासून संध्याकाळपर्यंत तिच्यावर दूध असायचं. बाजूला पत्र्यावर लिहिलं होतं, पंधराशे वॅट. मी मनात हिशेब केला होता. पंधराशे वॅटची शेगडी म्हणजे पस्तीस ओहम, आमच्या दोनशे दहा व्होल्टला सहा अँपिअर. माझी बेरीज अकरा होणार होती. दहाच्या तारेला अकरा थोडे जास्त, पण तेवढं ती तार सहज सोसते.

हमीदभाईंनी प्लग लावला. कॉईल लालभडक झाली. काटा सहाच्या पुढं गेला, आठच्या पुढं गेला आणि दहावर जाऊन टेकला.

“मीटर बिघडला का हो?” शंकर म्हणाला.

“माझा मीटर?” हमीदभाईंना हा अपमान वाटला. त्यांनी माझी इस्त्री पुन्हा लावून दाखवली. तीन. शेगडी पुन्हा लावली. दहा.

मी दारावर लिहिलं. दोनशे दहा भागिले दहा, एकवीस. दोनशे दहा गुणिले दहा, दोन हजार शंभर. पंधराशेची शेगडी कमी व्होल्टात बाराशे-साडेबाराशे खायला हवी, ही तर एकवीसशे खात होती. आणि इस्त्रीचे तीन, बाकीचे दोन मिळवले की बेरीज पंधरा. दहाची तार थोडा वेळ कड काढणार आणि वितळणार. इस्त्री बंद असली की बारा, म्हणून टिकणार. सगळं एका क्षणात समोर उभं राहिलं. मी खाली वाकून शेगडीकडे बघितलं. कॉईल खाचेत टोकापासून टोकापर्यंत भरलेली दिसत होती, पण तिचे वेढे एकमेकांपासून लांब लांब होते. ताणून बसवलेली होती.

“या शेगडीत पस्तीस ओहमची कॉईल पाहिजे,” मी म्हणाले. “एकवीसचीच आहे. कॉईल पुरी नाही. जवळपास निम्मी तार गायब आहे.”

“गायब न्हाई!” अण्णा पुढं आले. त्यांचा चेहरा फुलला होता, परीक्षेत पास झाल्यासारखा. “मीच काढलीया. लाईट कमी खावी म्हणून.”

“बघा!” मालकांनी टाळी वाजवली. “अण्णानं निम्मी कॉईल काढून टाकली, आणि बाई म्हणते त्याची शेगडी जास्त खाते! अहो, निम्मी भाकरी खाल्ली तर पोट जास्त भरतं का?”

सगळे खो खो हसले. शंकर तर वस्तरा हातात घेऊन हसत होता. त्या हसण्याची मला अजूनही चीड येते. माणसं चुकली तर चालतं, पण चुकत असताना इतकी खूश असू नयेत.

“हसून घ्या,” मी म्हणाले. “आता ऐका. लांब नळीतून पाणी सोडलं तर अडत अडत येतं. नळी आखूड केली की भसकन येतं. तारेचंही तसंच आहे. तार विजेला अडवते. तार कमी केली की अडवणारं कमी झालं, वीज जास्त वाहिली. अण्णा, कॉईल कमी केल्यापासून दूध लवकर उकळतं का उशिरा?”

अण्णा विचारात पडले. “लवकर उकळतं,” म्हणाले. “दोनदा उतू गेलं. मला वाटलं, जोड चांगला बसलाय.”

“कमी विजेवर दूध लवकर कसं उकळेल?”

आता कुणी हसलं नाही. मालक मात्र म्हणाले, “बोलण्यात तुम्हाला कोण हरवणार बाई! वकील व्हायचं होतं.”

“बोलणं राहू द्या. हमीदभाई, तुमच्याकडे नवी कॉईल आहे ना पंधराशेची? द्या. सगळ्यांदेखत बसवू. नवी कॉईल पुरी आहे, लांब आहे. मालक म्हणतात तसं असेल तर काटा दहाच्या वर जायला पाहिजे. मी म्हणते तसं असेल तर सहावर थांबेल. दहाच्या वर गेला तर किल्ली घ्या.”

मी कनवटीची किल्ली काढून दाराच्या कडीला अडकवली, सगळ्यांना दिसेल अशी. 

शेगडी गार होईपर्यंत सगळे थांबले. हमीदभाईंनी जुनी कॉईल काढली, नवी हलक्या हातानं खाचेत बसवली आणि प्लग लावला. काटा उठला. चार. पाच. सहा. आणि सहावरच राहिला.

“सहा,” हमीदभाई हळूच म्हणाले. मग मोठ्यानं म्हणाले, “सहा, मालक! बघा येऊन!”

मी दारावर लिहिलं, दोनशे दहा भागिले सहा, पस्तीस. खडू मोडेपर्यंत दाबून लिहिलं. मग सगळ्यांना म्हणाले, “आपापल्या गाळ्यात जा आणि जे जे आहे ते सगळं लावा. दिवे, पंखे, सगळं. मी इस्त्री लावते. अण्णा, दूध ठेवा.”

सातही गाळे चालू झाले. अण्णांनी पातेलं चढवलं. मी एक ब्लाऊज काढला, दुसरा काढला, तिसरा काढला. दूध वर आलं, अण्णांनी उतरवलं, पुन्हा दुसरं चढवलं. फ्यूज जागचा हलला नाही. सायकलवाल्यानं शिट्टी वाजवली. शंकर म्हणाला, “च्यायला, खरंच की!”

मी जिंकले होते. मी इस्त्री उभी केली आणि अण्णांना म्हणाले, “चांगली धडधाकट कॉईल होती अण्णा. कशाला हो काढलीत?”

अण्णा स्टुलावर बसले होते. मघाचा फुललेला चेहरा पार उतरला होता. त्यांनी फडक्यानं तोंड पुसलं.

“तू आलीस तवा मालक म्हनले होते, आधीच लोड हाय, त्यात हिची इस्त्री. म्हटलं, आपन जरा कमी खावं. पोरीला जागा व्हावी. माझ्यातलं थोडं तुला.” ते थांबले. “मग फ्यूज जायला लागला. म्हटलं, अजून कमी करू. आनखी वेढे काढले. परत गेला, परत काढले.”

हा माणूस माझ्यासाठी स्वतःच्या ताटातला घास काढत होता, आणि प्रत्येक घासागणिक माझ्याच पायाखालची जमीन सरकत होती. आणि मी हे त्याच्या तोंडावर, भर चौकात, खडूनं लिहून दाखवलं होतं.

मालकांना मात्र तेवढ्यात वाट सापडली. “म्हणजे दोष शेगडीचा,” ते म्हणाले. “ठीक. अण्णा, उद्यापासून ती शेगडी बंद.”

“का बंद?” मी ताडकन म्हणाले. “नवी कॉईल घातलीय. बेरीज अकरा आहे. सगळं चालू आहे, डोळ्यांनी बघताय. शेगडी पण राहील आणि इस्त्री पण राहील.”

“तुम्ही कोण ठरवणार?”

“दारावर लिहिलंय ते ठरवणार. तुम्ही सगळ्यांसमोर ‘ठरलं’ म्हणालात. आता शब्द फिरवायचा असेल तर तसं सांगा.”

मालकांचा चेहरा लाल झाला. त्यांनी आजूबाजूला बघितलं. कुणीच त्यांच्या मदतीला येईना. मग ते खालच्या आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “फ्यूजचं सोडा. तुमचे यजमान मागच्या महिन्यात येऊन गेले माझ्याकडं. त्यांचे चुलते आणि मी एका पंगतीत बसणारे. ते म्हणाले, ‘आमच्या घरची सून तुमच्या गाळ्यात राहते, शोभतं का? तुम्ही जागा दिली नाही तर ती येईल गुमान घरी.’ मला दोन्हीकडचे संबंध सांभाळायचेत बाई. हे असलं आकडे लिहून माझी सुटका होत नाही.”

असं होतं तर. फ्यूज आपोआप जात होता, आणि यांना आयतंच निमित्त मिळालं होतं.

“आता खरं बोललात,” मी म्हणाले. “तर माझंही ऐका. तुम्ही त्यांना सांगा, ती येणार नाही. गाळ्यातून काढलं तर रस्त्यावर मशीन मांडीन, पण येणार नाही. आणि भाडं मी पहिल्या तारखेला हातात आणून देते. मला काढायचं तर कोर्टात जा. तिथंही मी असंच उभं राहून बोलेन.”

मालक तडक वळले. बोर्डापाशी गेले, फ्यूज ओढून काढला, हमीदभाईंच्या हातातली पक्कड घेतली आणि माझ्या गाळ्याकडे येणारी तार कचकन तोडली. मग फ्यूज परत बसवला. सहा गाळ्यांचे पंखे फिरायला लागले, माझा बंद.

“आता शिवा,” म्हणाले, आणि जिना चढून गेले.

पायमशीनला लाईट लागत नाही. त्या दुपारी मी दार उघडं टाकून उजेडात मशीन ओढली आणि शिवत राहिले. संध्याकाळी पेठेतल्या परटाकडून जुनी कोळशाची इस्त्री मागून आणली. इतकी जड, की दोन्ही हातांनी उचलावी लागायची. कोळसा कुठून आणायचा, पेटवायचा कुठं, याचा विचार करतच झोपले.

सकाळी दार उघडलं तर धुरानं ठसका लागला. अण्णांनी हॉटेलच्या दारात दगडी कोळशाची मोठी शेगडी पेटवली होती आणि पुठ्ठ्यानं वारा घालत होते. विजेची शेगडी, नवी कॉईल घातलेली, आत कोपऱ्यात पालथी पडली होती.

“अण्णा, हे काय?”

“मालकांनी तुझी तार तोडली. मी माझा प्लग आपन होऊन काढला.” त्यांनी चिमट्यानं एक धगधगीत निखारा उचलला. “आण तुझी इस्त्री. उघड झाकण.”

मी इस्त्री पुढं केली. त्यांनी एकेक निखारा आत ठेवला, घरात देवापुढं ठेवावा तसा सांभाळून. मी विचारलं, “अण्णा, कॉईल काढायच्या आधी मला एका शब्दानं विचारलं असतंत तर? मी सांगितलं असतं ना, असं करू नका.”

“सांगितलं असतं तर तू घेतलं असतंस व्हय?” अण्णा म्हणाले. “चहा पाजला तर पैसे आपटून जातीस. तुला कुनी काय द्यायचं तर चोरूनच द्यावं लागतंय.”

मला रडू आलं. आणि मी ते लपवलं नाही. त्या दिवशी त्यांचा चहा प्याले आणि टेबलावर काही ठेवलं नाही.

दुसऱ्या दिवशी शंकरनं दाढीचं पाणी तापवायला बंब पेटवला. “लाईटीचा लोड कमी करतोय, मालकांचंच भलं,” असं जो तो विचारणाऱ्याला सांगायचा. हमीदभाईंना कोळशाचं काही काम नव्हतं, तरी ते अण्णांच्या शेगडीत ओला भुसा टाकून यायचे. धूर जिन्यानं वर जायचा आणि गच्चीवर पसरायचा. वाळवणाचे दिवस. गच्चीवर काटेवहिनींनी पांढऱ्याशुभ्र कुरडया घातल्या होत्या, लेकीच्या सासरी पाठवायच्या होत्या. त्या सगळ्या काळ्या ठिक्कर पडल्या.

वहिनींचा आवाज आम्ही तोवर कधी ऐकला नव्हता. त्या दिवशी अख्ख्या स्टँडनं ऐकला. “त्या पोरीची तार जोडता, का मी माझ्या माहेरी जाऊ? आणि गेले तर कुणाच्या सांगण्यावरून परत येणार नाही, हे आत्ताच सांगते!”

बळवंतराव काटे खाली आले, तेव्हा त्यांच्या एका हातात वायरचं भेंडोळं होतं आणि दुसऱ्या हातात काळी टेप. सगळी रांग आपापल्या दारात उभी होती. मालकांनी स्वतः फ्यूज काढला, स्वतः जोड दिला, टेप गुंडाळली. माझा पंखा फिरायला लागला. मग ते माझ्या दारात आले, दारावरच्या माझ्या आकड्यांकडे न बघता म्हणाले, “झालं. लावा तुमची इस्त्री, पोरेबाई.”

मी मान वर केली नाही. निखाऱ्यांची इस्त्री कापडावरून सावकाश फिरवत होते.

“थांबा जरा,” मी म्हणाले. “अण्णांचे निखारे अजून गरम आहेत. हे चार ब्लाऊज झाले की लावते.”

आणि चौथा ब्लाऊज होईपर्यंत मालक दारात उभे राहिले.